फास्ट आणि कमी वीज खाणारी ब्लॉकचेन: डेव्हलपर म्हणून सुरुवात कुठून नि कशी करायची

जुलै महिन्यात गोव्यात फोंड्याला लाईट गेली की आमच्या घरी राऊटर इन्व्हर्टरवर तासभर चालतो, आणि मग लॅपटॉपची बॅटरी असेल तेवढंच काम. मी ब्लॉकचेनचं (म्हणजे अनेक कॉम्प्युटरांनी मिळून सांभाळलेल्या, मागाहून न बदलता येणाऱ्या नोंदवहीचं) प्रोग्रामिंग शिकलो ते बरंचसं अशाच पावसाळ्यात, त्यामुळे एक गोष्ट लवकर कळली, हे शिकायला महागडा कॉम्प्युटर लागत नाही, खरे कॉइन तर अजिबात लागत नाहीत, आणि इंटरनेटसुद्धा सतत लागत नाही. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, सगळ्यात फास्ट चेन कुठली ते सांग, तीच शिकतो." आता हा प्रश्न चुकीचा नाही पण अर्धा आहे. फास्ट म्हणजे नेमकं काय फास्ट, आणि ते फास्ट करायला कोणी काय सोडलं, हे आधी बघायला हवं. म्हणून थोडा मागचा इतिहास सांगतो, मग थेट हात चालवू.

चोडण-रायबंदरची फेरीबोट सगळ्यांनी बघितलीय. बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, ही बोटीची एक खेप असं समजा. ३ जानेवारी २००९ ला पहिली खेप गेली, तेव्हापासून साधारण दर दहा मिनिटांनी एक, आणि बोटीत जागा ठरलेली, म्हणून सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार. आता लोकांना वाटतं की माइनर (पुढचा ब्लॉक लिहायचा मान मिळवायला गणिती कोडं सोडवणारे) वाढले, मशीन वाढल्या की वेग वाढेल. नाही वाढत! दर २०१६ ब्लॉकनंतर नेटवर्क स्वतःच कोडं अवघड किंवा सोपं करतं, कारण खेप दहा मिनिटांचीच ठेवायची असते. म्हणजे धक्क्यावर इंजिनं हजार आणून लावली तरी बोट त्याच वेळेला सुटते, फक्त डिझेल हजारपट जळतं. केंब्रिज विद्यापीठाचा बिटकॉइनच्या विजेचा अंदाज गेल्या काही वर्षांत वर्षाला १०० टेरावॅट-तासांच्या वर राहिलाय, आपल्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर १०,००० कोटी युनिटच्या वर. ही वीज व्यवहार करायला जात नाही, खोटं लिहिणाऱ्याला ते परवडू नये म्हणून जाते, आणि हा फरक डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं होतं.

कारण मग पुढच्या लोकांनी विचारलं की खोटं लिहिणं महाग करायला वीजच का जाळायची, पैसे अडकवून ठेवले तर? यालाच प्रूफ ऑफ स्टेक म्हणतात, तुम्ही कॉइन गहाण ठेवता, लबाडी केली तर ते कापले जातात (सगळ्याच चेनवर कापतात असं नाही, पण मूळ विचार हा). २०१२ मध्ये पीअरकॉइनने ही कल्पना पहिल्यांदा चालवून दाखवली. इथेरियम ३० जुलै २०१५ ला सुरू झालं ते मात्र माइनिंगवरच, आणि तिथे व्हिटालिक ब्युटेरिन आणि मंडळींनी खरी नवी गोष्ट ही दिली की चेनवर नुसते पैसे नाही, प्रोग्रामही चालतो. २०१७ च्या शेवटी एका मांजरांच्या गेमने, क्रिप्टोकिटीजने, इथेरियमची अशी कोंडी केली की जगभरच्या डेव्हलपरांना कळलं, हे असं चालणार नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम चालू गाडीचं इंजिन बदलावं तसं प्रूफ ऑफ स्टेकवर गेलं, त्याला मर्ज म्हणतात, आणि विजेचा वापर ९९.९ टक्क्यांहून जास्त खाली आला. मला आजही सॉफ्टवेअरच्या इतिहासातलं हे एक फार मोठं काम वाटतं, नेटवर्क एक दिवसही बंद न ठेवता.

पण लक्षात घ्या, मर्जमुळे वीज वाचली, वेग वाढला नाही. ब्लॉक आधी तेरा-चौदा सेकंदांनी यायचा, आता बाराने येतो, एवढंच. वीज आणि वेग हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक व्हिडिओत ते एकत्र कालवून सांगतात.

वेगावर काम करणारी मंडळी वेगळ्या वाटांनी गेली. आनातोली याकोवेन्को हा क्वालकॉममध्ये काम केलेला इंजिनिअर, त्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये सोलानाची कल्पना लिहिली, मार्च २०२० मध्ये नेटवर्क चालू झालं. त्याचं म्हणणं असं की सगळे कॉम्प्युटर "आत्ता किती वाजले" यावर एकमत करण्यातच वेळ घालवतात, तर मग हॅशवर हॅश (माहितीचा आकडेमोडीने काढलेला ठसा) चढवत जाऊन एक घड्याळच बनवू. त्याला प्रूफ ऑफ हिस्टरी म्हणतात. हे घड्याळ आहे, निर्णय मात्र प्रूफ ऑफ स्टेकनेच होतो, मुलाखतीत हे उलटं सांगू नका. एक खेप साधारण ४०० मिलिसेकंदांची. सिल्व्हियो मिकाली हे एमआयटीचे प्राध्यापक, २०१२ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालेले, त्यांनी अल्गोरँड काढलं, जून २०१९ मध्ये मेननेट, म्हणजे खऱ्या पैशांचं नेटवर्क. तिथे पुढचा ब्लॉक कोण सुचवणार याची चिठ्ठी प्रत्येकजण आपापल्या घरी गुपचूप उघडतो, नाव निघालं तर चिठ्ठी खरी असल्याचा गणिती पुरावा सोबत पाठवतो, त्यामुळे आधीच कोणाला गाठून दाबता येत नाही. आणि आपल्याकडची पॉलिगॉन, आधीचं नाव मॅटिक, २०१७ मध्ये जयंती कनानी, संदीप नेलवाल, अनुराग अर्जुन यांनी सुरू केलेली. त्यांच्या टेस्टनेटचं, म्हणजे खोट्या कॉइनवर सराव करायच्या नेटवर्कचं, नावच मुंबई होतं.

आणखी एक वाट रोलअपची, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम वगैरे, म्हणजे पुष्कळ व्यवहार बाहेर उरकायचे आणि इथेरियमवर त्यांची एकत्र नोंद करायची. शंभर जणांनी आपापली गाडी फेरीबोटीत चढवायच्या ऐवजी सगळे एका बसमध्ये बसले आणि बोटीत फक्त बस चढवली, जागा एकाच वाहनाची. १३ मार्च २०२४ च्या डेन्कुन अपग्रेडनंतर या बसचं भाडं खूप उतरलं, कारण तिच्यासाठी बोटीत वेगळी स्वस्त जागा ठेवली.

आता हात चालवू. पहिलं काम कोड लिहिणं नाही, घड्याळ लावणं आहे. ब्राउझरमध्ये मेटामास्क नावाचं वॉलेट (तुमच्या चाव्या सांभाळणारं पाकीट) टाका, पण शिकण्यासाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल करून, म्हणजे पुढेमागे खरे पैसे घेतलेत तर ते याच्यात कधीच मिसळणार नाहीत. ते बारा शब्द देईल, त्यातूनच तुमच्या चाव्या बनतात, ते कागदावर लिहा, फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही पाठवू नका. मग सेपोलिया नावाचं इथेरियमचं टेस्टनेट निवडा आणि फॉसेटवरून फुकटचे टेस्ट कॉइन घ्या. फॉसेट म्हणजे नळ, थोडं थोडं देतो आणि दिवसाची मर्यादा असते, पहिल्या नळाला पाणी नसेल तर दुसरा बघा. त्यानंतर पॉलिगॉनचं टेस्टनेट जोडा, आणि इथेच पुष्कळ मुलं अडकतात, कारण जुन्या धड्यांत सगळीकडे मुंबई लिहिलेलं असतं. मुंबई टेस्टनेट २०२४ मध्ये बंद झालं, आता अमॉय आहे, चेन आयडी ८०००२. धड्यात ८०००१ दिसला की तो धडा शिळा समजा.

दोन्हीकडे स्वतःच स्वतःला अगदी थोडे टेस्ट कॉइन पाठवा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. तीन वेळा टिपायच्या: बटण दाबल्यापासून एक्स्प्लोररवर (चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) व्यवहार दिसेपर्यंत, ब्लॉकमध्ये जाईपर्यंत, आणि तो कायमचा पक्का होईपर्यंत. या तिसऱ्याला फायनॅलिटी म्हणतात आणि जाहिरातीत हीच गाळतात. इथेरियमवर ब्लॉक १२ सेकंदांत येतो, पण पक्का व्हायला ६४ स्लॉट (एका ब्लॉकसाठी ठरलेली वेळ म्हणजे एक स्लॉट), म्हणजे ७६८ सेकंद, जवळजवळ तेरा मिनिटं. सोलानावर आत्तापर्यंतच्या पद्धतीत ३२ स्लॉट, म्हणजे सुमारे १२.८ सेकंद. अल्गोरँडवर तीनेक सेकंदांत ब्लॉक आला की तोच शेवटचा, मागे फिरायचा प्रश्न नाही. बिटकॉइनवर लोक सहा ब्लॉक थांबतात, म्हणजे तासभर. हे आकडे वाचून सोडू नका, दहा-दहा वेळा मोजा, सकाळी आणि रात्री, वहीत लिहा. टेस्टनेटवर गर्दी वेगळी असते त्यामुळे मेननेटचा अनुभव वेगळा येईल, पण "फास्ट" हा शब्द ऐकल्यावर "यातलं कितवं?" हा प्रश्न तुमच्या तोंडून आपोआप येईल, आणि त्यासाठीच ही मेहनत.

टीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती व्यवहार या आकड्याचंही तसंच. सोलानाच्या एकूण आकड्यात व्हॅलिडेटरांची (कॉइन गहाण ठेवून ब्लॉक तपासणाऱ्या कॉम्प्युटरांची) आपसातली मतंसुद्धा व्यवहार म्हणून मोजलेली असतात, लोकांचे खरे व्यवहार बघायचे तर मतं वजा केलेला आकडा बघायचा. आणि वेगाची किंमत कुठेतरी द्यावीच लागते. इथेरियमचा व्हॅलिडेटर घरच्या चांगल्याशा कॉम्प्युटरवर चालतो, सोलानाच्या व्हॅलिडेटरला २५६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅमचा सर्व्हर लागतो, म्हणजे हिशेब तपासायला बसणाऱ्यांची संख्या आपोआप कमी. सप्टेंबर २०२१ मध्ये सोलाना सतरा तासांच्या आसपास ठप्प होतं. मी सोलानाला नावं ठेवत नाही, मला त्याची रचना आवडते, पण तुम्ही ज्या कामासाठी चेन निवडताय त्याला सतरा तास बंद चालेल का, हे तुम्हालाच ठरवायचंय.

मोजून झालं की कोड. रिमिक्स नावाचं कोड लिहायचं साधन उघडा, ते ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल नको, आणि भाषा सॉलिडिटी. आधी सॉलिडिटीच का, तर इथेरियमचं यंत्र, ज्याला ईव्हीएम म्हणतात, तेच पॉलिगॉन, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, अ‍ॅव्हलांचच्या सी-चेनवर चालतं, एकदा शिकलात की पाच ठिकाणी उपयोगी.

पहिला प्रोजेक्ट म्हणून टोकन काढू नका, सगळे तेच काढतात. मी केला तो सांगतो. माझ्या मामाची वाळपईकडे काजूची भट्टी आहे. मार्च-एप्रिलमध्ये बोंडं मळतात, निरो म्हणजे रस निघतो, भाण (गाळायचं भांडं) चढतं, आधी हुर्राक आणि मग पुन्हा गाळून फेणी. काजूफेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं पण मामाची नोंद अजून वहीत, कुठल्या तारखेचं भाण, किती लिटर, किती ग्राव (कडकपणाचं माप). म्हटलं ही नोंद चेनवर टाकू.

मामाने पहिलाच प्रश्न असा विचारला की तो मी आता प्रत्येक प्रोजेक्टला विचारतो. "पुता, आनी हांवें फट बरयल्यार?" आणि मी खोटं लिहिलं तर? तर चेन ते खोटं तितक्याच इमानाने जपून ठेवेल मामा, असंच सांगावं लागलं. ब्लॉकचेन फेणीची चव बघत नाही. ती एवढंच सांगते की ही नोंद या चावीने, या वेळी लिहिली आणि नंतर बदललेली नाही. एवढ्याचा उपयोग असेल तरच चेन वापरा, नाहीतर साधा डेटाबेस किंवा एक्सेल शीट पुष्कळ झालं. मामाला उपयोग होता, कारण दोन वर्षांनी बाटली विकताना "ही तेव्हाचीच" म्हणताना मागची तारीख घातली नाही हे दाखवता येतं.

पहिल्या वेळी मी मोठी चूक केली. अख्खी नोंदच चेनवर लिहिली, मामाचं नाव, गाव, फोन नंबरसकट. टेस्टनेट होतं, पण तरी ते पुसता येईना, आणि कोणालाही एक्स्प्लोररवर वाचता येत होतं. मला फार वाईट वाटलं, कारण नंबर माझा नव्हता. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा कायदा माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क देतो, आणि चेनवर पुसणं नाहीच. म्हणून नियम करून टाका, माणसाची माहिती चेनवर कधीच नाही, फक्त तिचा हॅश.

हॅश म्हणजे नोंदीचा ३२ बाइटचा ठसा, एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण वेगळा येतो. वहीतल्या पानाचा मजकूर फाइलमध्ये लिहायचा, त्याच्या शेवटी एक लांबलचक रँडम आकडा जोडायचा, मग हॅश काढायचा. हा रँडम आकडा विसरू नका, कारण "बॅच ७, ४० लिटर" एवढाच मजकूर असेल तर कोणीही हजार अंदाज करून तुमचा हॅश जुळवून दाखवेल. फाइल आणि तो आकडा मामाकडे राहतो, चेनवर फक्त ठसा.

आता तो ठसा कुठे ठेवायचा यात खरी गंमत आहे, आणि कमी ऊर्जेचा डेव्हलपर इथे घडतो. ईव्हीएमवर प्रत्येक कामाला गॅस लागतो, म्हणजे कामाचं माप, त्यावर फी ठरते. नुसता व्यवहार पाठवला की २१,००० गॅस, तो सुटत नाही. त्यावर स्टोरेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या (चेनवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या) कायमच्या कप्प्यात, ३२ बाइटची नवी जागा लिहायला २०,००० आणि पहिल्यांदा हात लावल्याचे आणखी २,१००. तेच जर इव्हेंट म्हणून लॉगमध्ये (व्यवहारासोबतच्या टिपणात) लिहिलं तर मूळ ३७५, प्रत्येक टॉपिकला (शोधायला सोपं जावं म्हणून लावलेल्या खुणेला) ३७५, प्रत्येक बाइटला ८. मामाच्या नोंदीचे दोन टॉपिक आणि ६४ बाइट, म्हणजे ३७५ अधिक ७५० अधिक ५१२, झाले १,६३७. स्टोरेजच्या दोन जागांचे ४४,२०० कुठे आणि हे कुठे! अट एकच, लॉग बाहेरून वाचता येतो, पण कॉन्ट्रॅक्टला स्वतःला आतून वाचता येत नाही. मामाच्या कॉन्ट्रॅक्टला जुनी नोंद वाचायची गरजच नव्हती, म्हणून इव्हेंट. स्टोरेजमध्ये लिहिलेला प्रत्येक बाइट जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांना सांभाळत बसावा लागतो, तुमच्या आळसाचं बिल सगळे भरतात. चेन कितीही ग्रीन असली तरी तिच्यावर कचरा टाकणारा कोड ग्रीन होत नाही.

तर रिमिक्समध्ये नवी फाइल करा. कन्स्ट्रक्टरमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) मालकाचा पत्ता ठेवा, एकच फंक्शन लिहा जे बॅच नंबर आणि हॅश घेतं, बोलावणारा मालकच आहे ना बघतं, आणि इव्हेंट सोडतं. वीस-पंचवीस ओळींचं काम. कंपाइल करा, आधी रिमिक्सच्या आतल्या व्हीएमवर चालवा, तिथे वॉलेटही लागत नाही. मग मुद्दाम दुसऱ्या पत्त्यावरून बोलवा आणि ते नाकारलं जातं का बघा, ही पायरी लोक गाळतात आणि मग पस्तावतात. सगळं नीट झालं की ब्राउझरमधलं वॉलेट निवडून अमॉयवर डिप्लॉय, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट चेनवर चढवा, आणि एक्स्प्लोररवर तुमचा गॅस माझ्या हिशेबाशी ताडून बघा, थोडा जास्त दिसेल, कारण पाठवलेल्या डेटाचा आणि मालक तपासण्याचा गॅस वेगळा.

पावसाळ्याची सोय म्हणजे हार्डहॅट किंवा फाउंड्री. लाईट-नेट असताना एकदा इन्स्टॉल करून ठेवा, मग लॅपटॉपवरच छोटी चेन उभी राहते, नेट गेलं तरी काम चालू. हार्डहॅट वीस खाती देतं, फाउंड्रीचं अ‍ॅन्व्हिल दहा, प्रत्येकात १०,००० खोटे इथर. त्या खात्यांच्या चाव्या सगळ्या जगाला माहीत आहेत, त्यांच्यावर चुकूनही खरे पैसे पाठवू नका, त्याच क्षणी जातील.

सॉलिडिटीत दोन-तीन महिने घालवले की रस्ट भाषेकडे वळा, सोलानासाठी. सुरुवातीला डोकं गरगरतं कारण तिथे प्रोग्राम वेगळा आणि त्याचा डेटा वेगळ्या खात्यात. शिवाय व्यवहार पाठवतानाच कुठल्या कुठल्या खात्यांना हात लावणार हे आधी सांगावं लागतं. पण वेग आला तो त्यातूनच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळीवाली आणि चणेवाला एकाच वेळी विकू शकतात, कारण दोघांचं गिऱ्हाईक आणि गल्ला वेगळा, तसं ज्या व्यवहारांची खाती एकमेकांत येत नाहीत ते सोलाना एकाच वेळी चालवते. ईव्हीएम मूळचं एका काउंटरवर एकेक गिऱ्हाईक असं आहे. म्हणून सोलानावर सगळ्यांना एकाच खात्यात लिहायला लावणारा प्रोग्राम केलात तर तुम्ही स्वतःच रांग लावली, मग चेनला दोष देऊ नका. सोलाना प्लेग्राउंड ब्राउझरमध्ये चालतं, तिथे अँकर फ्रेमवर्क वापरून मामाचीच नोंदवही पुन्हा लिहा, नवा विषय घेऊ नका, तोच विषय दोन ठिकाणी लिहिला की फरक बोटांना कळतो. सुई आणि अ‍ॅप्टोस या चेनची मूव्ह भाषा फेसबुकच्या बंद पडलेल्या लिब्रा प्रकल्पातून आली, चांगली आहे, पण ती नंतर.

दोन इशारे. नोकरीच्या नावाखाली "हा रेपो उतरवून चालवून बघा, टेस्ट आहे" असा मेसेज आला तर तो रेपो (कोडच्या फाइलींचा गठ्ठा) रोजच्या लॅपटॉपवर चालवू नका, त्यात चाव्या चोरणारा कोड असू शकतो. आणि खरे कॉइन घेतले तर नफ्यावर ३० टक्के कर (१ एप्रिल २०२२ पासून) आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस (१ जुलै २०२२ पासून) आहे. टेस्ट कॉइनला किंमतच नाही, तिथे हा प्रश्न येत नाही.

मामाची नोंदवही अजून अमॉयवरच आहे. मेननेटवर न्यायचा खर्च किरकोळ, अडलंय ते चावीवर. मामाचा मोबाईल भट्टीच्या धुरात, कधी पाण्यात, आणि सगळी चावी माझ्याकडे ठेवली तर मग नोंद मामाची की माझी? म्हणून सध्या तीन चाव्यांचं मल्टिसिग लिहितोय, एक मामाकडे, एक मामेबहिणीकडे, एक माझ्याकडे, कुठल्याही दोन लागल्या की नोंद होणार, आणि मार्चमध्ये पहिलं भाण चढायच्या आत ते तपासून व्हायला हवं.